उपजीविकेचा पालट आणि स्वधर्म

संसारी मनुष्याला चिंता पुष्कळ असतात. परंतु त्यांतील एक चिंता तो सहसा कोणाजवळ बोलून दाखवीत नाही. ज्या कामावर आपले घर उभे आहे ते काम उद्या राहील की नाही, ही ती चिंता होय. प्रकृती बिघडली तर माणूस वैद्याकडे जातो, मुलीचे लग्न अडले तर आप्तांना सांगतो; परंतु आपली विद्या जुनी झाली, आपल्या हाताची गरज बाजाराला उरली नाही, हे सांगताना त्याची जीभ अडखळते. कित्येक घरांत असे घडले आहे की नोकरी सुटलेला गृहस्थ कित्येक दिवस नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडतो, एखाद्या बागेत किंवा देवळाच्या ओसरीवर दिवस काढतो आणि सायंकाळी नेहमीच्या वेळी परत येतो. त्याने चोरी केलेली नसते, कोणाचे बुडविलेले नसते. तरीही तो अपराध्यासारखा वागतो. असे का व्हावे?

याचे कारण केवळ पैशाची अडचण हे नव्हे. मनुष्य आपल्या कामाशी इतका एकरूप झालेला असतो की काम गेले म्हणजे आपणच गेलो असे त्याला वाटते. त्यातच एखादा हितचिंतक त्याला गीतेची आठवण करून देतो. परधर्म भयावह आहे, स्वधर्मात मरण आले तरी ते श्रेयस्कर, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे ना? मग जन्मभर केलेले काम सोडून पन्नासाव्या वर्षी दुसरेच काही शिकावयास बसणे हा धर्मत्याग नव्हे काय? हा प्रश्न वरवरचा नाही. ज्याची गीतेवर श्रद्धा आहे त्याला तो खरोखर बोचतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उपजीविकेची साधने बदलतात ही काही आजचीच गोष्ट नव्हे. आपल्या देशात तारयंत्राचा पहिला प्रयोग १८५० मध्ये कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान झाला. पुढे दीडशेहून अधिक वर्षे तार हा शब्द ऐकताच घरातील सर्वांच्या छातीत धस्स होत असे. कट्ट कडकट्ट करणाऱ्या यंत्रावर बोटे चालविणारा तारमास्तर हा गावातील मोठा जाणकार मनुष्य होता. ती सेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. त्यांतील पुष्कळांना आपला साचा पुन्हा दिसला नाही, आणि जेथे भोंग्यावर घड्याळ लावले जाई तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. बँकांतील जाड खातेवह्या गेल्या, टंकलेखनाच्या संस्थांतील खडखडाट थांबला. आणि आता तर पत्र लिहिणे, हिशेब जुळविणे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत मजकूर उतरविणे ही जी कामे केवळ मनुष्याच्या बुद्धीची समजली जात, त्यांतही यंत्र शिरले आहे. पूर्वी असा पालट एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना होई. आता तो एकाच मनुष्याच्या आयुष्यात दोनदा-तीनदा होऊ शकतो. अडचण खरी आहे ती येथे.

आता पूर्वपक्ष मांडू. बदलत्या काळाचा विचार करून उपजीविकेची आखणी करणे हे गीतेच्या उपदेशाशी विसंगत आहे, असे म्हणणाऱ्यांचे तीन मुद्दे असतात. पहिला मुद्दा असा की स्वधर्म सोडू नये, सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. दुसरा असा की उद्याची आखणी म्हणजे फळाची इच्छा, आणि फळावर तर आपला अधिकारच नाही. तिसरा मुद्दा असा की अनन्यभावाने भजणाऱ्यांचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतात. मग मनुष्याने एवढी धडपड का करावी?

पहिल्या मुद्द्याचा विचार करताना हे वचन कोणाला आणि केव्हा सांगितले ते पाहिले पाहिजे. अर्जुनापुढे त्याचे कर्म उभे होते. सैन्ये समोरासमोर आली होती, शंख वाजले होते, लोक त्याच्याकडे पाहत होते. अशा वेळी शोकाने व्याकूळ होऊन तो धनुष्य खाली ठेवतो आणि याहून भीक मागून जगणे बरे असे दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी म्हणतो. म्हणजे काम हजर आहे, कामाची गरज आहे, करणारा समर्थ आहे. आणि तरीही तो मोहाने ते टाकू पाहतो. या पळण्याला भगवंतांनी अडविले. ज्या तारमास्तराची कचेरीच बंद झाली त्याची स्थिती अर्जुनासारखी आहे काय? अर्जुन कर्म सोडीत होता. या मनुष्याला कर्मानेच सोडले आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जो वचनाचा प्रसंग पाहत नाही तो वचनाचा अर्थही जाणत नाही.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. कुरुक्षेत्रावर ज्याला स्वधर्माचा उपदेश झाला त्याच अर्जुनाने थोड्याच काळापूर्वी विराटाच्या नगरीत एक वर्ष कोणते काम केले होते? तो बृहन्नळा होऊन राजकन्येला नृत्य-गायन शिकवीत होता. भीम पाकशाळेत बल्लव झाला, नकुल घोड्यांकडे आणि सहदेव गाईंकडे गेला, धर्मराज कंक या नावाने राजाशी द्यूत खेळू लागला, आणि साक्षात् द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची केशरचना करू लागली. परिस्थितीने त्यांचे राज्य, शस्त्र आणि नावही काढून घेतले होते. तेव्हा त्यांनी काय केले? वर्ष सुरू होण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून विचार केला. प्रत्येकाने आपल्याजवळ आधीपासून कोणते ज्ञान आहे ते पाहिले आणि त्यातून आपले नवे काम ठरविले. राजाच्या घरी नोकरी करताना कसे वागावे, हेही त्यांनी पुरोहित धौम्यांकडून समजून घेतले. या सर्व वर्तनाला व्यासांनी कोठेही धर्मत्याग म्हटलेले नाही. भगवान श्रीकृष्णांनीही अर्जुनाला त्याबद्दल कधी दोष दिला नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. अर्जुनाने नृत्य-गायन इंद्रलोकी चित्रसेन गंधर्वापासून शिकले होते. त्या वेळी एका धनुर्धराला त्याचा काय उपयोग होता? काहीच दिसत नव्हता. परंतु पुढे त्याच विद्येने त्याला एक वर्ष तारले. उलट त्याची शस्त्रे त्या वर्षी शमीच्या झाडावर बांधून ठेवलेली होती. ती त्याने टाकून दिली नव्हती. कौरवांनी विराटाच्या गाई हाकून नेल्या तेव्हा त्याच झाडावरून ती खाली काढली गेली. जुनी विद्या जपून ठेवावी, नवी विद्या वेळेपूर्वी शिकावी, आणि ज्या वेळी जे काम समोर येईल ते मनापासून करावे, एवढे शिक्षण या एका कथेत भरले आहे.

कोणी धर्मव्याधाचे उदाहरण पुढे करील. मिथिलेतील त्या व्याधाने आपला वडिलोपार्जित व्यवसाय सोडला नाही आणि तो मोठमोठ्या तपस्व्यांना उपदेश करण्याच्या पदवीस पोचला. हे खरे, परंतु त्याची योग्यता मांसविक्रीत नव्हती. तो सत्याने व्यवहार करी, स्वतः प्राणी मारीत नसे, यथाशक्ती दान करी, वृद्ध आई-वडिलांची देवतांप्रमाणे सेवा करी. त्याचे दुकान चालू होते म्हणून हे सर्व गुण दुकानात प्रकट झाले. दुकान बंद पडले असते तर ते गुण दुसऱ्या ठिकाणी प्रकट झाले असते. दिवा एका कोनाड्यातून दुसऱ्या कोनाड्यात ठेवला म्हणून प्रकाशाची जात बदलत नाही. वृत्ती म्हणजे कोनाडा आणि धर्म म्हणजे प्रकाश, हा भेद लक्षात राहिला म्हणजे पुष्कळसा गोंधळ मिटतो. गीता स्वधर्माचा संबंध स्वभावाशी आणि गुणांशी जोडते. विशिष्ट यंत्राशी, विशिष्ट कचेरीशी किंवा विशिष्ट हुद्द्याशी तो जोडलेला नाही.

हे एका साध्या उदाहरणाने पाहू. छापखान्यात पूर्वी खिळे जुळविणारे जुळारी असत. देवनागरीच्या काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे शेकडो खिळ्यांची घरे त्यांना तोंडपाठ करावी लागत. अक्षरे उलटी वाचावी लागत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथ जगभर पोचविले, त्यामागे अशा कसबी हातांची पुण्याई आहे. मग संगणक आला आणि खिळ्यांची घरे भंगारात गेली. समजा, एका छापखान्यात असे दोन जुळारी होते. एकाने म्हटले, “माझी विद्या गेली, आता मी कोणी नाही.” दुसऱ्याने विचार केला, की आपल्या विद्येत खरोखर गेले काय आणि राहिले काय? बोटांचा वेग गेला, खिळ्यांच्या घरांची आठवण गेली. परंतु शुद्ध-अशुद्धाची जाण राहिली, ओळ कोठे तोडावी हे कळणे राहिले, पान डोळ्यांना स्वस्थ वाटेल असे बांधणे राहिले, चूक दिसताच थांबणारी नजर राहिली. त्याने मुलाच्या वयाच्या शिक्षकापुढे बसून नवे यंत्र शिकून घेतले आणि तो मुद्रितशोधन व पानांची मांडणी करू लागला. दोघांचे हात सारखेच कुशल होते. अंतर पडले ते विवेकात. प्रत्येक कामात एक भाग यंत्राबरोबर येतो आणि यंत्राबरोबर जातो. दुसरा भाग मनुष्याच्या स्वभावात मुरतो आणि तो सहसा जात नाही. हा दुसरा भाग ओळखणे हेच स्वधर्म ओळखणे होय.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. आखणी करणे म्हणजे फलाची आसक्ती, असे मानणाऱ्याने अठरावा अध्याय मन लावून वाचावा. तेथे तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंत म्हणतात की परिणाम, हानी, दुसऱ्यास होणारी पीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता केवळ मोहाने जे आरंभिले जाते ते तामस होय. याचाच अर्थ असा की आरंभी या चार गोष्टींचा विचार करणे हे कर्त्याचे कर्तव्य आहे. शेतकरी मृग नक्षत्रापूर्वी नांगरट करतो, बियाणे निवडतो, बांध दुरुस्त करतो. यात आसक्ती नाही, शहाणपण आहे. पाऊस पडेलच असा हट्ट धरणे आणि न पडल्यास देवाला शिव्या देणे ही आसक्ती. आखणी कर्माच्या बाजूची आहे; आग्रह फळाच्या बाजूचा आहे. पहिली करावी, दुसरा सोडावा.

त्याच अध्यायात धृतीचेही तीन प्रकार सांगितले आहेत. ज्या धृतीमुळे मनुष्य झोप, भय, शोक, विषाद आणि मद सोडीत नाही ती तामसी. बंद पडलेल्या कामाला चिकटून राहणारा पुष्कळदा स्वतःला निष्ठावंत समजतो. परंतु त्याने अंतर्मुख होऊन पाहावे. आपण कामाला धरून आहोत, की नवे शिकण्याच्या भयाला? निष्ठेला धरून आहोत, की धाकट्यांपुढे विद्यार्थी होण्याची लाज वाटते त्या मदाला? नळराजाची कथा येथे स्मरण करण्याजोगी आहे. सर्वस्व द्यूतात गमावलेला तो राजा बाहुक या नावाने ऋतुपर्णाकडे सारथी झाला. अश्वविद्येत त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता. परंतु अक्षविद्येत तो उणा होता, आणि त्या उणिवेनेच त्याचा नाश केला होता. विदर्भाच्या वाटेवर त्याने ऋतुपर्णापासून ती विद्या मागून घेतली आणि बदल्यात आपली अश्वविद्या दिली. राजा असून तो नोकर झाला, नोकर असून तो शिष्य झाला. परंतु यामुळे तो लहान झाला नाही. ज्या ठिकाणी आपण हरलो तेथेच शिकण्याचे धैर्य त्याने दाखविले.

तिसरा मुद्दा योगक्षेमाचा. भगवंतांचे ते आश्वासन सत्य आहे. परंतु ते नित्ययुक्तांना दिलेले आहे, नित्य आळशांना नव्हे. ज्या गीतेत हे आश्वासन आहे त्याच गीतेत अकर्मापेक्षा कर्म श्रेष्ठ आणि कर्म केल्यावाचून शरीरयात्राही चालणार नाही असे म्हटले आहे. परमेश्वर योगक्षेम वाहतो तो पुष्कळदा मनुष्याला दिलेल्या बुद्धीच्या, मित्राच्या सल्ल्याच्या आणि वेळेवर सुचलेल्या विचाराच्या रूपाने. ते रूप न ओळखता दारावर थैली घेऊन कोणी येईल म्हणून बसून राहणे ही श्रद्धा नव्हे.

तथापि येथे दुसऱ्या बाजूचाही तोल सांभाळला पाहिजे. काळ बदलतो म्हणून प्रत्येक नव्या वाऱ्यामागे धावणे हाही विवेक नव्हे. आज एका धंद्याची चलती आहे म्हणून मुलाला त्यात लोटणे, उद्या दुसऱ्याची चर्चा ऐकून त्यातून काढणे, त्यासाठी कर्ज काढणे आणि मुलाच्या स्वभावाचा एकदाही विचार न करणे, हे राजस कर्म आहे. त्यात बहुत आयास आणि अल्प समाधान असते. खोटी प्रमाणपत्रे मिळविणे, येत नाही ते येते म्हणून सांगणे, दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन आपली जागा पक्की करणे, हे तर उपजीविकेच्या नावाखाली केलेले अधर्माचरण होय. वृत्ती बदलली तरी सत्य बदलत नाही, अहिंसा बदलत नाही, घेतलेल्या वेतनाचा पुरता मोबदला देण्याचे कर्तव्य बदलत नाही. ज्या पालटात या गोष्टी गहाण पडतात तोच खरा परधर्म, आणि तो खरोखर भयावह आहे.

मग गृहस्थाने करावे काय? काही गोष्टी सहज सांगता येतील. काम चांगले चालले आहे अशा काळातच वर्षातून एकदा शांतपणे बसून विचार करावा, की माझ्या कामातील कोणता भाग टिकाऊ आहे आणि कोणता जाणारा. रोज थोडा वेळ, अर्धा तास का होईना, नवे शिकण्यासाठी राखावा. स्वाध्यायाला आपल्याकडे तपाचे स्थान दिले आहे ते उगीच नव्हे. मिळकतीतील काही भाग प्रथम बाजूला काढावा, म्हणजे अडचणीच्या काळात घाईने अयोग्य काम पत्करावे लागणार नाही. मुलांना एकच विद्या न देता शिकण्याची सवय द्यावी; कारण त्यांच्या आयुष्यात विद्या पुनःपुन्हा बदलाव्या लागतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील माणसांपासून सत्य लपवू नये. बागेत बसून डबा खाणारा तो गृहस्थ पत्नीला दुःख होऊ नये म्हणून खोटे वागतो. परंतु त्याच वागण्याने तो सहधर्मचारिणीला तिच्या धर्मापासून वंचित करतो. पांडवांनी सल्लामसलत केली तेव्हा द्रौपदी त्या बैठकीत होती आणि आपले काम तिने स्वतः ठरविले होते, हे विसरू नये.

ज्यांचे दिवस बरे आहेत त्यांच्यावरही जबाबदारी आहे. नोकरी गेलेल्या मनुष्याला “तुम्ही वेळीच जागे झाला नाहीत” असे म्हणणे सोपे आहे. परंतु कर्माच्या सिद्धीची पाच कारणे गीतेने सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. यांपैकी कर्ता हे केवळ एक कारण आहे. गिरणी बंद पडली ती साच्यावरच्या कामगाराच्या आळसाने नव्हे. तारेची सेवा थांबली ती तारमास्तराच्या चुकीने नव्हे. म्हणून मालकाने नवे यंत्र आणताना जुन्या माणसाला ते शिकण्याची संधी द्यावी, शेजाऱ्याने कामाची माहिती पोचवावी, आप्ताने सल्ला देण्यापूर्वी महिन्याच्या किराण्याची विचारपूस करावी. लोकसंग्रह हा शब्द आपण व्याख्यानांतून पुष्कळ ऐकतो. त्याचा घरगुती अर्थ एवढाच आहे.

आणि एक कठीण गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सर्व विचार करून, शिकून, कष्ट करूनही काही जणांना पूर्वीचे स्थान परत मिळत नाही. नळाला राज्य मिळाले, पांडवांनाही मिळाले. परंतु प्रत्येक कथेचा शेवट तसा होत नाही. गिरणीतील कित्येक निपुण हात पुढे पहारा करण्यात किंवा भाजीच्या गाडीवर झिजले. गीतेने अशा मनुष्याला यशाची हमी दिलेली नाही. तिने त्याला दुसरे काही दिले आहे: सिद्धी आणि असिद्धी यांत निर्विकार राहणारा, धैर्य आणि उत्साह न सोडणारा कर्ता सात्त्विक होय, अशी मान्यता. जग त्याला पगारावरून मोजते. गीता त्याला कर्तेपणावरून मोजते. दारावर पहारा करणारा जो वृद्ध रात्रभर जागा राहतो आणि कोणाचा द्वेष करीत नाही, तो साच्यावर उभा असताना जेवढा मोठा होता तेवढाच आजही आहे. त्याच्या मुलांना ही गोष्ट कळली पाहिजे, आणि ती कळविणे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे काम आहे.

यास्तव ज्याचे काम आज डळमळत आहे त्याने आपल्या धर्माविषयी शंका घेऊ नये. कर्म सोडणारा आणि कर्माने सोडलेला यांतील भेद ओळखावा, जुनी शस्त्रे शमीच्या झाडावर जपून ठेवावी, आणि सायंकाळी घरी जाऊन पत्नीला, मुलांना जवळ बसवून जे खरे आहे ते सांगावे. पुढची वाट तेथून सुरू होते.